कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हा उपदेश मराठी घरांतून इतक्या पिढ्या चालत आलेला आहे की त्याची शहानिशा करण्याचे कुणाच्या मनातही येत नाही. आणि तो करणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी पुष्कळांनी बांधाच्या भांडणापायी निम्मे वावर वकिलाच्या पदरात घातलेले असल्यामुळे त्यामागे अनुभवाचे पुरेसे वजनही असते. मात्र या शहाणपणाचा एक परिणाम असा झालेला आहे की आपला मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षे पुरी करून मतदार म्हणून नोंदली जाते, मोटार चालविण्याचा परवाना काढते, करारनाम्यावर सही करण्यास पात्र ठरते, तरी ज्या संस्थेच्या हुकुमाने माणसाचे स्वातंत्र्य आणि प्रसंगी प्राणही जाऊ शकतो, त्या संस्थेच्या दालनात तिने एकदाही पाऊल ठेवलेले नसते. गुन्हा मात्र तिने उदंड पाहिलेला असतो. दूरचित्रवाणीवर, चित्रपटांत, हातातल्या फोनवर, सकाळच्या पानावर ती रोज खून पाहते, अटक पाहते, काळ्या बुरख्याआड तोंड झाकलेला आरोपी पोलिसांच्या गाडीतून उतरताना पाहते. गुन्ह्याशी इतकी घसट आणि न्यायाशी इतका अपरिचय, अशी ही विजोड जोडी घेऊन आपली तरुण पिढी नागरिकत्वाच्या उंबरठ्यावर उभी असते, आणि तिला या विषयाचे काही शिक्षण द्यावे असे आपल्या शाळा-महाविद्यालयांना क्वचितच वाटते.

मे 2024 मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात एका भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. ती मोटार चालवीत असल्याचा आरोप ज्याच्यावर होता, तो मुलगा सतरा वर्षांचा होता, आणि बाल न्याय मंडळाने काही तासांतच त्याला जामीन देताना ज्या अटी घातल्या त्यांत अपघातांविषयी 300 शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट होती. त्या निबंधाने महाराष्ट्र खवळला. महाविद्यालयांच्या उपाहारगृहांत त्यावर जे बोलले गेले त्याचे सार एवढेच होते, की दोन जीव घेतल्याची शिक्षा म्हणजे तीनशे शब्द. हा संताप अस्थानी होता असे कोण म्हणेल? त्या संतापाचा रेटा नसता तर पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक होण्यापर्यंत तपास पोचला असता की नाही, याची मला शंका आहे. परंतु तो निबंध ही शिक्षा नव्हती, ती जामिनाची अट होती. जामीन म्हणजे सुटका नव्हे, खटला अद्याप सुरूही झालेला नव्हता. ते मंडळ म्हणजे एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते यांचे असते, आणि अल्पवयीनास जामीन देणे हा 2015च्या कायद्याने घालून दिलेला सर्वसाधारण नियम आहे, या चार गोष्टी त्या गदारोळात कुणी मुलांना सांगितल्या नाहीत. त्यामुळे त्या मुलाला निरीक्षणगृहात धाडण्याचे नंतर निघालेले हुकूम मुंबई उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात बेकायदा ठरवून त्याला बाहेर काढावयास सांगितले, तेव्हा पुष्कळांची समजूत अशी झाली की न्यायालयानेही हात टेकले. जामीन आणि निर्दोष मुक्तता यांतला भेद ज्याला ठाऊक नाही, त्याला प्रत्येक जामीन हा अन्याय वाटतो. आणि असा वाचक जोवर बहुसंख्येने आहे तोवर कुठल्याही न्यायाधीशाला जामीन देण्यापूर्वी उद्याच्या मथळ्याची आठवण होत राहणार.

मथळ्यांचा विषय निघालाच आहे तर मराठी गुन्हेवार्तेच्या ठरीव शैलीकडे थोडे पाहावे. पोलीस ‘सापळा रचतात’, आरोपीच्या ‘मुसक्या आवळतात’, त्याला ‘जेरबंद’ करतात, आणि मग ‘पोलिसी खाक्या दाखविताच’ तो ‘पोपटासारखा बोलू लागतो’. आरोपी पहिल्या दिवसापासून ‘नराधम’ किंवा ‘सराईत’ असतो. ही सारी सामग्री पोलीस ठाण्यातून जशी येते तशी छापली जाते, कारण संध्याकाळी सहाच्या आत बातमी देणाऱ्या वार्ताहराला दुसरा साक्षीदार कोठून मिळणार? आता यातल्या पोपटाकडे कायद्याच्या दृष्टीने पाहा. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, असे 1872च्या पुरावा कायद्याचे पंचविसावे कलम सांगत होते, आणि जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ते तत्त्व कायम ठेवलेले आहे. खाक्या कसा दाखविला जातो हे ब्रिटिश सरकारला नीट ठाऊक होते म्हणूनच ते कलम लिहिले गेले. म्हणजे वर्तमानपत्राच्या लेखी ज्या क्षणी प्रकरण मिटले, त्या क्षणी न्यायालयाच्या लेखी काहीच घडलेले नसते. हा एकच विरोध मुलांपुढे नीट मांडला तरी एका तासाचे शिक्षण साधते. पण तेवढ्याने भागत नाही, कारण तत्त्व सांगून पटत नाही आणि चालू प्रकरणावर ते शिकवू गेले तर वर्ग लगेच दोन पक्षांत विभागतो. त्यासाठी एखादे जुने, थंड झालेले दप्तर हवे.

माझ्या मते महाराष्ट्रात त्याकरिता नानावटी खटल्याएवढे उत्तम दप्तर दुसरे नाही. त्यातील मुख्य पात्रे चित्रपटांनी तरुणांच्या ओळखीची करून ठेवलेली आहेत. ‘रुस्तम’ पाहिलेला विद्यार्थी हा विषय काढताच म्हणतो, तो तर सुटला होता. तेथूनच आरंभ करावा.

27 एप्रिल 1959 रोजी ‘मैसूर’ या युद्धनौकेवरील अधिकारी कमांडर कावस नानावटी यांना त्यांच्या पत्नीने, सिल्व्हियाने, प्रेम आहुजा या व्यापाऱ्याशी आपला संबंध असल्याचे सांगितले. नानावटींनी पत्नीला व मुलांना मेट्रो चित्रपटगृहापाशी सोडले, नौकेवर जाऊन आपण रात्री एकटेच मोटारीने अहमदनगरला जाणार आहोत अशी बतावणी करून भांडारातून एक रिव्हॉल्व्हर व सहा काडतुसे घेतली, ती एका तपकिरी लिफाफ्यात घातली, आधी आहुजाच्या कचेरीत व नंतर नेपियन सी रोडलगतच्या त्याच्या सदनिकेत ते गेले, आणि शयनगृहाचे दार बंद झाल्यावर थोड्याच क्षणांत तीन गोळ्या सुटल्या. नानावटी स्वतःच पोलिसांपुढे हजर झाले. बचावाची कैफियत अशी होती की दोघांत झटापट झाली आणि गोळ्या अपघाताने उडाल्या; आणि ते मान्य नसेल तर तीव्र व आकस्मिक प्रक्षोभाच्या भरात हे कृत्य झाले.

आता मुलांना दोनच वस्तू दाखवाव्यात. पहिली वस्तू म्हणजे टॉवेल. आहुजा नुकताच स्नान करून बाहेर आला होता, त्याच्या कमरेला टॉवेल गुंडाळलेला होता, आणि तीन गोळ्या लागून तो कोसळल्यावरही तो टॉवेल जागच्या जागी होता. दोन धट्टेकट्टे पुरुष एका पिस्तुलासाठी झोंबत असताना कमरेचा टॉवेल सुटू नये, हे कितपत संभवनीय? दुसरी वस्तू म्हणजे घड्याळ. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात असे नमूद आहे की नानावटी दीड वाजता घरून निघाले आणि गोळीबार चार वाजून वीस मिनिटांनी झाला. मधल्या या अवधीत एक गृहस्थ चित्रपटगृह, नौका, शस्त्रभांडार, कचेरी अशी ठिकाणे क्रमाने गाठतो, भांडारपालाला पटेल असे खोटे कारण सांगतो, लिफाफा शोधतो. त्याला आकस्मिक प्रक्षोभ म्हणावयाचे काय? विद्यार्थी येथे गप्प होतात. चित्रपटात टॉवेल दिसत नाही असे नव्हे, परंतु त्यावर विचार करण्याइतका वेळ चित्रपट प्रेक्षकाला देत नाही. त्या वेळात पार्श्वसंगीत चालू असते आणि गणवेशातील नायकाची छाती भरून आलेली असते.

1959च्या ऑक्टोबरात नऊ जणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना आरोपांतून निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांना हा अभिप्राय समोर आलेल्या पुराव्यावरून कोणाही समंजस मंडळीला देता न येण्याजोगा वाटला, म्हणून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 307व्या कलमान्वये त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले. उच्च न्यायालयाने 11 मार्च 1960 रोजी नानावटींना खुनाबद्दल दोषी ठरवून जन्मठेप दिली. त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी घटनेच्या 161व्या अनुच्छेदाखाली हुकूम काढून, सर्वोच्च न्यायालयातील अपिलाचा निकाल लागेपर्यंत ती शिक्षा तहकूब केली, आणि नानावटी नौदलाच्या ताब्यात राहिले; अटकेचे वॉरंट बजावणी न होताच परत आले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 1960 मध्ये राज्यपालांना त्यांची मर्यादा दाखवून दिली, 24 नोव्हेंबर 1961 रोजी जन्मठेप कायम केली, आणि तरीसुद्धा 1964 मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. पुढे ते कुटुंबासह कॅनडात गेले.

आणि या सर्व काळात वर्तमानपत्रे काय करीत होती? रुसी करंजिया यांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने हा खटला आपलाच मानला. सालस, देशसेवक, फसविला गेलेला नौदल अधिकारी एका बाजूला आणि पैशाच्या मस्तीत परस्त्रीला नादी लावणारा बदफैली दुसऱ्या बाजूला, असे चित्र त्याने आठवड्यामागून आठवडे रंगविले, दयेच्या अर्जासाठी लोकमत उभे केले, आणि अंकाचा खप इतका वाढला की पाव रुपयाची प्रत दोन रुपयांना गेल्याच्या गोष्टी जुने मुंबईकर सांगत. रस्त्यावर खेळण्यातली ‘नानावटी पिस्तुले’ आणि ‘आहुजा टॉवेल’ विकले जात होते म्हणतात. पारशी समाज एकीकडे आणि सिंधी समाज दुसरीकडे असेही त्याला वळण मिळाले. विद्यार्थ्यांनी या प्रचाराचा विचार करताना एका माणसाची अनुपस्थिती ध्यानात घ्यावी, असा माझा आग्रह असतो. प्रेम आहुजाला जबानी द्यावयाची नव्हती, त्याची उलटतपासणी होणार नव्हती, त्याच्या वतीने पत्र लिहिणारा कोणी संपादक नव्हता. त्याची बहीण मॅमी आणि तिच्या वतीने सरकारी पक्षाला साहाय्य करणारे तरुण राम जेठमलानी एवढेच त्याचे उरले होते. आहुजा सद्गृहस्थ होता असे मला म्हणावयाचे नाही. दुर्वर्तनी माणसाचाही खून होऊ शकतो, आणि तो खूनच असतो, हे ‘ब्लिट्झ’च्या वाचकांना दोन वर्षे कोणी सांगितले नाही.

येथे एका जनप्रवादाचा समाचार घेतला पाहिजे, कारण तोही याच शिक्षणाचा भाग आहे. नानावटी हा भारतातील ज्यूरीपुढे चाललेला अखेरचा खटला, आणि त्यातील वेड्यावाकड्या अभिप्रायामुळे सरकारने ज्यूरीच रद्द केली, असे लेखांतून, चित्रपटांच्या जाहिरातींतून आणि परीक्षेच्या मार्गदर्शक पुस्तकांतूनही सर्रास लिहिले जाते. वस्तुतः कायदा आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात ज्यूरी बंद करण्याची शिफारस 1958 मध्येच, म्हणजे त्या गोळ्या सुटण्यापूर्वीच, केली होती; देशाच्या काही भागांत ज्यूरीचे खटले त्यानंतरही कित्येक वर्षे चालू राहिले, आणि फौजदारी कामांतून तिचे नाव कायमचे पुसले गेले ते 1973च्या संहितेने. गमतीची गोष्ट अशी की पारशी विवाहविषयक न्यायालयांत समाजातून नेमलेले प्रतिनिधी न्यायाधीशासह बसण्याची पद्धत आजही आहे. एका गाजलेल्या खटल्याने कायदा बदलला ही कथा सांगायला सोपी, आणि एका आयोगाच्या कंटाळवाण्या अहवालाने बदलला ही कथा सांगायला अवघड. वर्तमानपत्र कोणती निवडणार, हे उघड आहे.

ज्यूरीविषयी हळहळ वाटणाऱ्यांनी 1908 सालही आठवावे. टिळकांवरील राजद्रोहाचा खटला न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे चालला तेव्हा ज्यूरीत सात युरोपियन व दोन पारशी होते. ‘केसरी’तले लेख मराठी, आणि ते ज्यांना मराठी येत नव्हते अशांनी भाषांतरावरून जोखावयाचे. सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले आणि सहा वर्षांसाठी मंडालेला गेले. नऊ सामान्य माणसे एकत्र बसविली म्हणजे न्याय आपोआप हाती येतो, ही श्रद्धा मराठी माणसाने तरी बाळगू नये.

ज्यूरी गेली, आता प्रशिक्षित न्यायाधीश निकाल देतात, म्हणून प्रसिद्धीचा उपद्रव संपला, असा युक्तिवाद कधी कधी केला जातो. मुंबई उच्च न्यायालयाला तो पुरता मान्य नसावा. अभिनेता सुशांतसिंह राजपूत याच्या मृत्यूनंतर वाहिन्यांनी जो धुमाकूळ घातला त्यावरील याचिकांचा निकाल देताना, जानेवारी 2021 मध्ये, मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता व न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठाने तपास चालू असताना काय टाळावे याची यादीच घालून दिली: आरोपीचा तथाकथित कबुलीजबाब तो ग्राह्य पुरावाच आहे अशा थाटात प्रसिद्ध करू नये, गुन्ह्याचा देखावा नाट्यरूपाने उभा करू नये, साक्षीदारांच्या विश्वासार्हतेवर टीका करू नये, कोण दोषी ठरणार याचे भाकीत करू नये. मी ही यादी विद्यार्थ्यांना देऊन कोणत्याही संध्याकाळच्या बातम्या अर्धा तास पाहावयास सांगतो आणि एकेका कलमापुढे खूण करावयास सांगतो. त्यानंतर मला फारसे बोलावे लागत नाही.

या साऱ्याची किंमत कोणी मोजायची, हे सांगण्यासाठी मात्र नानावटी पुरत नाही, कारण नानावटींना राज्यपाल होते. 11 जुलै 2006 च्या संध्याकाळी मुंबईच्या उपनगरी गाड्यांत स्फोट होऊन 180हून अधिक माणसे मेली. पकडलेल्यांपैकी बाराजणांना 2015 मध्ये विशेष न्यायालयाने दोषी ठरविले, त्यांतील पाचांना फाशी सुनावली. संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यान्वये वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब ग्राह्य धरता येतो, आणि या खटल्याचा बराच भार त्या जबाबांवर होता. 21 जुलै 2025 रोजी उच्च न्यायालयाने ते जबाब त्याज्य ठरवून बाराही जणांना निर्दोष सोडले. त्यांतला एक त्याआधीच तुरुंगात मरण पावला होता. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने, सुटलेल्यांना परत तुरुंगात न धाडता, तो निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असा हुकूम दिला. ग्रंथालयात बसून विद्यार्थ्याने 2006 च्या अटकांची पाने आणि 2025 च्या सुटकेची पाने शेजारीशेजारी मांडली, तर एकोणीस वर्षांच्या अंतराने तीच माणसे त्याला दोन निरनिराळ्या भाषांत भेटतील. मेलेल्यांच्या नातलगांना तर दोन्हींकडून काहीच मिळालेले नाही. ज्याने स्फोट केला तो कोण, हा प्रश्न त्यांच्यापुरता पुन्हा 2006 सालीच उभा आहे.

आता शाळांकडून व्हावयाचे काय? विधी सेवा प्राधिकरणाच्या तालुका समित्या शाळांतून ‘कायदेविषयक साक्षरता शिबिरे’ भरवितात. पुष्पगुच्छ होतो, प्रास्ताविक होते, मान्यवर वकील पाऊण तास कलमे सांगतात, आभार मानले जातात, छायाचित्र स्थानिक पानावर येते. मुले त्या तासात काय करतात ते मागच्या बाकावर बसल्याखेरीज कळत नाही. माझी सूचना एवढीच आहे की नववी-दहावीचा वर्ग एखाद्या साध्या मंगळवारी तालुक्याच्या न्यायालयात न्यावा. फौजदारी न्यायालय हे कायद्यानेच खुले असते. पट्टेवाला दारात ‘कोण, कशासाठी?’ असे विचारील, त्याला हेडमास्तरांचे पत्र दाखवावे. बालकांवरील लैंगिक अत्याचारांची आणि बलात्काराची कामे बंद दालनात चालतात, तेथे जाता येत नाही, आणि तेथे जाता का येत नाही हा स्वतंत्र पाठ आहे. न वटलेल्या धनादेशाचे काम, विहिरीवरील मोटार चोरल्याचे काम, मारामारीचे काम, अशी कामे पाहावीत. दारावर दिवसाचा बोर्ड लागलेला असतो. शिपाई पुकारा करतो. निम्म्या वेळा कोणी येत नाही. न्यायाधीश रोजनाम्यात दोन ओळी लिहितात आणि पुढची तारीख पडते. मुले कंटाळतात. चित्रपटात जे कधी दाखवीत नाहीत ते हेच, आणि जामीन का महत्त्वाचा हे या कंटाळ्यातूनच समजते: या तारखांच्या काळात जो आत असतो तो तारखा तुरुंगातून मोजत असतो.

दुपारकडे एखादा मुद्देमाल निघतो. तपकिरी कागदात बांधलेले पुडके, त्यावर लाखेची मोहोर, दोरीला अडकविलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर गुन्हा क्रमांक आणि दोन पंचांच्या सह्या. सरकारी वकील पुडके पंचाला दाखवून विचारतात, ही सही तुमचीच ना? पंच हा बहुधा गावातला पानपट्टीवाला किंवा रिक्षावाला असतो. सही माझीच, तो म्हणतो. मग ही वस्तू तुमच्यासमोर जप्त झाली? तो खाली पाहतो आणि म्हणतो, नाही साहेब, पोलिसांनी ठाण्यात बोलावले, कागदावर सही करा म्हणाले, मी केली. सरकारी वकील त्याला फितूर म्हणून जाहीर करण्याची परवानगी मागतात, आणि त्याचीच उलटतपासणी सुरू होते. परतताना एखादी मुलगी विचारते की तो माणूस आज खोटे बोलला की त्या दिवशी त्याने खोट्या कागदावर सही केली होती, आणि दोहोंपैकी काहीही असले तरी त्याला शिक्षा का होत नाही. त्या वेळी शिक्षकाने खोट्या साक्षीचे कलम सांगून मोकळे होऊ नये. त्याने तिला तो पानपट्टीवाला राहतो कोठे, ठाणेदार त्याच्या दुकानावरून दिवसातून किती वेळा जातो, आरोपीचे भाऊ त्याच गल्लीत आहेत की काय, आणि तारखेला आल्यामुळे बुडालेला त्याचा दिवस कोण भरून देतो, हे सारे विचारून पाहायला सांगावे. आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात या कामाची बातमी आलेली असेल, तर ती कात्रण काढून वहीत चिकटवावी. बहुधा आलेली नसते.